ऐंशीचं झाकण

"दोन! काका, बघा ना, दोन दिसतायत!"

संशोधक मुलीने त्यांचा दंड धरून गदागदा हलवला. पडद्यावर दोन ठिपके होते, मध्ये काळी फट. काकांनी हसायचा प्रयत्न केला. खिशात सदैव चिमटा, म्हणून सगळे त्यांना चिमटेकाका म्हणत. प्रयोगशाळेत नमुने बनवण्यात त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती.

दोन ठिपके फार जवळ आले की साध्या भिंगातून त्यांचा एकच पुसट डाग दिसतो. प्रकाशाची ती हद्दच. ती ओलांडायला या पोरीने चार वर्षं खपून एक काच घडवली होती. काचेवर कोट्यवधी खांब, प्रकाशाच्या लहरीहूनही बारीक. तिची परीक्षा काकांच्या नमुन्यावर: सोन्याच्या पातळ थरात दोन छिद्रं, मध्ये ऐंशी नॅनोमीटर.

ऐंशीच. डबीच्या झाकणावर तसं लिहिलं होतं.

झाकणावर. डबीवर नाही.

आणि सकाळी काकांच्या हातून दोन डब्या सुटल्या होत्या. एकीत ऐंशीचा नमुना, दुसरीत तीनशेचा, ज्यातली छिद्रं कुठलंही चांगलं भिंग वेगळी दाखवतं. झाकणं उडाली. नमुने तळाला चिकटून राहिले, पण डोळ्यांना दोन्ही सारखेच. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. झाकणं अंदाजाने बसवली.

पडद्यावरची फट किती मोठी धरायची, हेही पोरगी झाकणावरच्या आकड्यावरूनच ठरवत होती. चूक पकडणार कोण?

"तुमच्या हाताला मानलं, काका!"

तेव्हा सांगायला हवं होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, आले, तिची पाठ थोपटली, मग काकांचीही. तेव्हा तरी.

दुसऱ्या दिवशी काकांनी एकट्यानेच नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातला. तीनशे दोन. त्यांनी यंत्र बंद केलं, हात धुतले, पुन्हा धुतले.

उद्या सांगू. उद्या नको, तिची आई येणार आहे काच बघायला. मग सोमवारी. सोमवारी सरांचं व्याख्यान. मग...

"अहो, भाजीत मीठ नव्हतं आज," बायको म्हणाली. "कळलं पण नाही तुम्हाला. खूनबिन केलाय की काय कुणाचा?"

"अजून नाही," काका म्हणाले आणि पानावरून उठले.

नवव्या दिवशी पोरगी शीळ घालतच आली. "काका, ती कॉलेजातली कायमची नोकरी होती ना? नाही म्हणून कळवलं. आईने डोकं खाल्लं नुसतं. म्हटलं, काच चालतेय, आता कशाला?"

"कधी कळवलंस?"

"काल संध्याकाळी."

काल दिवसभर दोघं एकाच टेबलाशी होते.

"फोन लाव त्यांना," काका म्हणाले. "म्हण, चुकून झालं."

"काय चुकून झालं?"

मग काकांनी सांगितलं. डब्या, झाकणं, अंदाज. बोलताना ते तिच्याकडे न बघता खिडकीच्या कडीकडे बघत होते.

"तुम्हाला नक्की कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

ती बाहेर जाऊन फोन करून आली. "दुसऱ्याला दिली," एवढंच म्हणाली. मग टेबलाशी बसली. "खरा ऐंशीचा द्या."

काकांनी चिमट्याने नमुना ठेवला. पडद्यावर एक डाग. तिने काच वर घेतली, खाली घेतली, कणाकणाने सरकवली. पाऊण तास. एकच डाग.

"माझ्यावर ओरड तरी," काका म्हणाले.

तिने नोंदवही उघडली. तारीख घातली. लिहिलं: दोन ठिपके वेगळे दिसले नाहीत. खाली सही केली.

"बाई, माझी चूक पण लिही त्यात. सगळी लिही."

"ती तुम्ही लिहा." तिने वही त्यांच्यापुढे सरकवली, पेन दिलं आणि स्वतःचं स्टूलही.

काकांनी बसून लिहायला घेतलं. डब्या पडल्या, ते लिहिलं. झाकणं अंदाजाने बसवली, तेही लिहिलं. ती मागे उभी राहून वाचत होती. 'दुसऱ्या दिवशी मला' इथपर्यंत येऊन पेन थांबलं.

ती मागून हलली नाही.

'कळले,' काकांनी लिहिलं.