केत्सियाचे मोकळे हात

"मी घरीच थांबते," असं इफोनीजने लेकीला शपथेवर सांगितलं होतं. आणि लेक बसलेलं टॅप-टॅप, म्हणजे माणसं वाहणारी भाड्याची गाडी, वळणाआड जायच्या आत ही बाई भाड्याच्या मोटरसायकलवर बसून तिच्या मागे निघालीसुद्धा. आईच्या शपथेचं काय घेऊन बसलात!

लेक म्हणजे केत्सिया, वय वर्षं सोळा. डॉक्टरांनी तिला स्वमग्न म्हटलं. त्याआधी शेजारणींची नावं ठेवून झालीच होती. दर बुधवारी ती आईबरोबर जाकमेल शहरातून काय-जाकमेल गावी मावशीकडे जायची, कसावाच्या कंदाच्या भाकऱ्या भाजायला. गेल्या आठवड्यात तिने जाहीर केलं, "मावसभाऊ पंधराचा आहे. तो एकटा येतो. मी सोळाची आहे. मी एकटी जाणार." इफोनीजने कपाळावर हात मारला आणि हो म्हटलं.

इफोनीजला धास्ती होती ती पोरीच्या बोटांची. गर्दी झाली, गोंगाट झाला की केत्सियाची बोटं हाताशी असेल त्यावर ठोकायला लागायची. आणि टॅप-टॅपचा सगळा कारभारच ठोकण्यावर! मागे बाकांवर माणसं कोंबलेली, ड्रायव्हर पुढे केबिनमध्ये. उतरायचं असेल त्याने पत्र्यावर ठोकायचं की गाडी थांबते. म्हणून इतकी वर्षं इफोनीज लेकीचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घट्ट धरून बसायची. आता ते कोण धरणार? लोक चिडून पोरीला भर रस्त्यात उतरवतील, आणि ही वेडी ट्रकांच्या वाटेतच कान दाबून खाली बसेल.

पहिल्याच चढावर टॅप-टॅप थांबलं. कुणी उतरलं नाही. कोळ्यांच्या वस्तीपाशी पुन्हा थांबलं. तेव्हाही कुणी नाही. ठोकतेय ती पोरगीच, इफोनीजने ओळखलं.

तेवढ्यात मोटरसायकलही थांबली. "ताई, उतरताय का?" मोटरसायकलवाल्या विल्नेरने मान वळवून विचारलं.

"नाही रे बाबा! चल, चल!"

"मग माझ्या खांद्यावर कशाला ठोकता मघापासून?"

तिसऱ्यांदा टॅप-टॅप थांबलं तेव्हा ड्रायव्हर तणतणत खाली उतरला आणि मागे आला. विल्नेरने गाडी इतकी जवळ नेली होती की शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"कोण ठोकतंय? डिझेल काय झऱ्याचं पाणी आहे?"

"मी," केत्सिया म्हणाली. "ते थांबायचं ठोकणं नाही. ते माझं ठोकणं आहे."

"घ्या! आता ठोकण्यालाही मालक!" एक टोपीवाला ओरडला. "उतरवा हो तिला. आम्हाला कामं आहेत."

इफोनीजने एक पाय जमिनीवर टेकवला. धावत जावं, पोरीचे हात धरावेत, सगळ्यांची माफी मागावी आणि तिला घेऊन घरी यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

पण केत्सिया ड्रायव्हरलाच विचारत होती, "मग मी माझं ठोकणं कुठे करू?"

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. असला प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नसेल. केत्सियाने इकडेतिकडे पाहिलं आणि समोरच्या मासळीवाल्या म्हातारीला म्हणाली, "तुमचं घमेलं रिकामं आहे. त्याच्यावर करू का?"

"कर की बाई. उपडं घे तेवढं, नाहीतर हाताला वास मारेल."

"आता वरातच काढा!" टोपीवाला म्हणाला.

"तुला नाचायचं असेल तर नाच, तुला कोण अडवतंय?" म्हातारीने त्याला फटकारलं, आणि सगळी गाडी खो खो हसली. ड्रायव्हरही पुटपुटत केबिनमध्ये गेला.

इफोनीजने पाय वर घेतला. तिला रडूच कोसळलं. एवढं सोपं होतं होय? इतकी वर्षं तिने पोरीचे हात धरले, पण कुठे ठोकायचंय ते कधी विचारलं नव्हतं.

पुढचा सगळा रस्ता घमेलं वाजत राहिलं आणि गाडी पळत राहिली. काय-जाकमेलच्या बदामाच्या झाडापाशी केत्सियाने ते म्हातारीला परत दिलं आणि पत्र्यावर दोनदा दणदणीत ठोकलं. टॅप-टॅप थांबलं. केबिनच्या खिडकीतून भाडं देऊन ती वळली ती थेट मोटरसायकलपाशी आली. विल्नेरच्या पाठीमागे अंग चोरून बसलेल्या आईला म्हणाली, "तू घरी थांबणार होतीस. हे घर नाही."

"नाही," इफोनीज म्हणाली. "चुकलंच माझं."

"तुमची मोटरसायकल सारखी थांबत होती. मी बघत होते."

"ऐका, ताई, ऐका!" विल्नेर म्हणाला.

"संध्याकाळी मी टॅप-टॅपने येणार. एकटी." एवढं सांगून ती मावशीच्या गल्लीत शिरली. चालताना बोटं मांडीवर ठोकत होती.

इफोनीज बघत राहिली. बदामाची सावली गार होती. संध्याकाळपर्यंत इथेच बसलं तर कुणाला कळणार होतं? तिने विल्नेरच्या खांद्यावर ठोकलं.

"हे उगाचचं, की खरं?" त्याने विचारलं.

"खरं," डोळे पुसत ती म्हणाली. "वळव गाडी. पोरगी येईल तेव्हा दार उघडायला घरी कुणीतरी हवं."