खाली नाव टाका

आधी तो फळा समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. धम्मदीप, तुला स्पेशल सांगतेय, कारण तू मध्येच विचारतोस.

सदाशिव पेठेत माझी अभ्यासिका आहे ना, तिच्याखाली चौकात भिंतीला एक वार्ताफलक आहे. साधा काळा फळा, वर पत्रा, एक ट्यूबलाइट. रोज सकाळी त्यावर तीन-चार ओळी येतात. राजकारण, विज्ञान, जग, काहीही. त्या ओळी दीनानाथ आजोबांच्या. हा माणूस आयुष्यभर विमा कंपनीत क्लेम तपासायला होता, म्हणजे समोरचा रडत आला तरी ‘कागद आणलेत का’ विचारणारा. मतं एकदम जुन्या वळणाची. कुटुंब टिकलं पाहिजे, सरकारनं घरात डोकावू नये, नवीन आलंय म्हणून चांगलं असेलच असं नाही, असलं सगळं. आणि लिहिणार कसं, तर ‘हवामान परिषदेला मंडळी खासगी विमानांनी पोहोचली. ठराव: सामान्यांनी सायकल वापरावी.’ संपलं. पुढे काही नाही. लोक स्कूटर थांबवून फोटो काढतात.

फळ्याच्या खाली हातभर जागा मोकळी असते. तिला खालची पट्टी म्हणतात. तिथे कुणीही उत्तर लिहायचं, पण खाली नाव आणि गाव टाकायचं. निनावी असलं तर आजोबा स्वतः येऊन पुसणार. नाव असलं तर मग त्यांना शिव्या असल्या तरी ती पट्टी दुसऱ्या दिवशी वरच्या ओळी लिहून होईपर्यंत पुसायची नाही. हा नियम.

माझी एन्ट्री तिथूनच झाली. त्यांनी लिहिलं होतं, ‘युरोपात पाळणे रिकामे आणि कुत्र्यांच्या बाबागाड्या भरलेल्या. तिकडे जायची गरज नाही, कर्वे रोडला पाहून घ्या.’ माझं डोकं फिरलं. मी खाली लिहिलं, ‘पाळणाघराची फी एकदा विचारून या, आजोबा. — आम्रपाली, हडपसर’. दुसऱ्या दिवशी आजोबा अभ्यासिकेच्या दारात. “हडपसर कोण?” मी म्हटलं मी. म्हणाले, “फी विचारली. तुमचा मुद्दा बरोबर आहे. बाकीचं चूक आहे.” आणि गेले. तेव्हापासून मी हडपसर. आरक्षणावर तर आमचं इतकं वाजलंय की पट्टी पुरली नाही, मी भिंतीवर गेले होते. आमचं अर्ध्या गोष्टींवर अजूनही पटत नाही.

आता अझीम. आजोबांचा हात थरथरतो, त्यामुळे ते सांगतात आणि अझीम लिहितो. चौकातच त्याचं रेडियमचं दुकान, नंबरप्लेटा, स्टिकर वगैरे. त्याचे वडील शमशुद्दीनचाचा, अर्ध्या पेठेच्या दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवल्यात. मग फ्लेक्स आला आणि ब्रश माळ्यावर गेला. पण अक्षर पोरात उतरलंय. म्हणजे तुम्ही बघा एकदा, छापल्यासारखं. आणि पेठेत असं झालंय की त्या अक्षरात फळ्यावर आलं म्हणजे खरंच असणार. हे लक्षात ठेवा. सगळं त्याच्यावरनंच झालं.

तर तो आठवडा. सीमेवर चकमक सुरू झाली होती, सगळ्यांची टाळकी तापलेली. आजोबा तर पहिल्या दिवसापासून कडक. त्या सकाळी फळ्यावर होतं, ‘उत्तर द्यायला उशीर झाला. पण दिलं हे बरं झालं. आता मध्येच थांबू नये.’ म्हणजे मऊ माणूस नाही तो, हेही लक्षात ठेवा.

संध्याकाळी मी चहाला खाली उतरले आणि एकदम सगळ्यांच्या फोनवर तेच. सीमेपलीकडचं मोठं शहर आपल्या ताब्यात. चॅनेलवर नकाशे, बाण, सायरनचे आवाज. अभ्यासिकेतली पोरं बाकावर चढली. खरं सांगते, मीही ओरडले. अंगावर काटा आला होता माझ्या.

पाच मिनिटांत मंडळाची पोरं आली. पुढे ऋषी. ऋषी वाईट नाहीये हां, आजोबांचा सिलेंडर दोन मजले तोच चढवतो. पथकाचे ढोल काढले, पेढे आले, चौक भरला. आणि ऋषी थेट फळ्यापाशी. अझीम तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढत होता.

“अझीम, चल, लिही. मोठ्या अक्षरात. शहर आपलं.”

अझीम म्हणाला, “काकांना विचारलं का?”

“त्यांना काय विचारायचं? त्यांनाच सगळ्यात जास्त आनंद होईल. चल, फोटो टाकायचाय.”

“काका सांगतात ते मी लिहितो, ऋषीभाऊ. त्यांना बोलाव, ते म्हणाले की दोन मिनिटांचं काम आहे.”

इथपर्यंत सगळं नॉर्मल होतं. ऋषी वरती बघून हाक मारणारच होता. तेवढ्यात मागनं एक लाल टी-शर्टवाला पुढे आला. आमच्या पेठेतला नव्हता. फोन असा समोर धरलेला, लाइव्ह चालू. तो म्हणाला, “एक मिनिट. नाव काय म्हणालास तुझं?”

ढोल वाजतच होते, पण आमच्या बाजूचे लोक वळून बघायला लागले.

“अझीम.”

“म्हणजे आपण जिंकलो हे लिहायला अझीमला परवानगी लागते. बघा मित्रांनो. पुण्यात, भर पेठेत.”

मला कळेना काय करायचं. अझीम हसण्याचा प्रयत्न करत होता. “तसं नाही दादा, हा त्यांचा फळा आहे...”

“तुला आनंद झाला का नाही ते सांग ना कॅमेऱ्यात.”

“झाला ना.”

“मग लिही.”

सगळे “लिही, लिही” करायला लागले. काहींना तर माहितीच नव्हतं काय चाललंय, ते नुसते तालात म्हणत होते. आणि अझीमच्या हातात कुणीतरी खडू कोंबला होता. त्यानं लिहिलं असतं ना, तर कुणी त्याला एक शब्द बोललं नसतं. आणि नाही लिहिलं तर तो व्हिडिओ कुठे कुठे जाणार, दुकान कुठलं, सगळं दिसत होतं त्यात. शटरवर त्याचा नंबर रंगवलेला होता, एवढाल्या आकड्यात.

मी पळाले.

आजोबांचं घर समोरच, दुसऱ्या मजल्यावर. दार यमुनाबाईंनी उघडलं, आजोबांच्या बायकोनं. “जेवतायत ते.” मी म्हटलं, “आजी, खाली अझीमला घेरलंय.” आतनं टीव्ही ऐकू येत होता, तेच चॅनेल. आजोबा ताटावरनं उठले. हात धुतले, तेही सावकाश, मला वाटलं मी ओरडीन आता. बंडीवर शर्ट घातला आणि निघाले. यमुनाबाई मागनं म्हणाल्या, “बटणं.” ते म्हणाले, “जिन्यात लावतो.”

जिन्यात मी त्यांना भराभर सांगत होते, आणि ते कठडा धरून एकेक पायरी. मध्येच थांबून विचारतात, “सैन्यानं सांगितलंय का?” मी म्हटलं, “आजोबा, आत्ता ते महत्त्वाचं आहे का?” म्हणाले, “तेच महत्त्वाचं आहे, हडपसर.”

खाली आलो तर गर्दी अजून पुढे सरकलेली आणि अझीमची पाठ फळ्याला टेकलेली. आजोबांना बघून ऋषीचा चेहरा खुलला. “काका, बरं झालं आलात. सांगा याला.”

“काय सांगू?”

“शहर पडलं. लिहायचंय.”

“कोण म्हणतं?”

“सगळी चॅनेलं.”

“सैन्य?”

“ते सांगतीलच की, काका. उद्या परवा.”

“मग उद्या परवा लिहू.”

ऋषीला पटेचना. “काका, सकाळी तुम्हीच लिहिलंत ना, थांबू नये म्हणून.”

“ते माझं मत आहे, ऋषी. माझं मत चुकलं तर मी गाढव. घडलेली गोष्ट म्हणून लिहिलं आणि ती घडलेलीच नसली, तर या फळ्यावर उद्यापासून कोण थुंकेल? आणि तिकडे पोरं खरी लढतायत. त्यांनी जे केलेलं नाही ते त्यांच्या नावावर लावायचं, ही काय त्यांची सेवा झाली?”

मागनं कुणीतरी म्हणालं, “म्हातारा फितला.” आणखी एक शब्द आला. तो मी सांगत नाही, तुम्हाला माहितीये कुठला. अठ्ठावीस वर्षं हा माणूस देश देश करत त्या फळ्यासमोर उभा राहिलाय, आणि त्याच्या तोंडावर तो शब्द. आजोबांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. कान मात्र लाल झाले होते.

लाल टी-शर्टवाल्यानं फोन परत अझीमकडे वळवला. “म्हाताऱ्याचं सोडा. हा का लिहीत नाहीये ते...”

“अझीम, खडू आण इकडे,” आजोबा म्हणाले.

“काका, तुम्ही सांगा, मी लिहितो.”

“तू नको. आज तुझं अक्षर नको.”

आणि ते स्वतः लिहायला लागले. मी त्यांचं अक्षर पहिल्यांदाच बघत होते. एक रेघ सरळ येत नव्हती. खडू दोनदा मोडला. ढोल कधी थांबले मला माहीत नाही, पण खडूचा आवाज येत होता एवढं आठवतंय. ‘शहर पडल्याची बातमी. खात्री नाही. न लिहिण्याचा निर्णय माझा.’ आणि खाली आख्खं नाव. वरच्या ओळींना कधीच नाव नसतं, त्या दिवशी होतं. शिवाय पत्तासुद्धा. लाल टी-शर्टवाल्याला म्हणाले, “हे घ्या कॅमेऱ्यात. दुसरा मजला, डावीकडचं दार. बेल वाजत नाही, कडी वाजवा.”

मग खडू त्याच्याच पुढे धरला. “आता आपण लिहा. खालची पट्टी मोकळी आहे. शहर पडलं असं लिहा आणि खाली नाव टाका. कुणी पुसणार नाही.”

“मी इथला नाहीये.”

“जिथले असाल तिथलं लिहा. आमच्याकडे हडपसरचंसुद्धा चालतं.”

कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं फोन खाली केला, म्हणाला मला काय गरज आहे, आणि जरा मागे झाला. आजोबांनी खडू शेजारच्यापुढे धरला, त्यानं मान हलवली. तिसरा म्हणाला, “काका, अक्षर चांगलं नाही माझं.” आजोबा म्हणाले, “वरचं बघितलंत का?”

शेवटी खडू ऋषीनं घेतला. घ्यायलाच लागला त्याला, त्याची पोरं बघत होती. गुडघ्यावर बसला आणि लिहिलं, ‘शहर आपल्या ताब्यात.’ मग रेघ ओढली, नावासाठी. आणि थांबला. डाव्या हातात फोन होता, तो अंगठ्यानं खाली खाली सरकवत होता. काहीतरी शोधत होता, कुठेतरी सरकारी शिक्का असलेलं, वर्दीतलं कुणीतरी बोललेलं. नव्हतंच ना. सगळे वाट बघतायत.

“काय झालं?” आजोबा म्हणाले. “नाव विसरलात का आपण?”

आणि लोक हसले. ऋषीला हसले, त्याच्याच चौकात. मला त्या क्षणी जास्त भीती वाटली, खरंच. तो उठला ना, तेव्हा त्याची मूठ आवळलेली होती आणि खडूचा चुरा गळत होता त्यातनं. आजोबांनाही कळलं की एक वाक्य जास्त झालं. पण ते मागे घेणाऱ्यातले नाहीत.

अझीम मध्ये आला. ज्याला दहा मिनिटं भिंतीला लावला होता तो. ऋषीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “ऋषीभाऊ, सकाळी लिहू. खरं निघालं ना, तर रंगीत खडू आणतो मी. झेंडा काढून देतो, आख्खा फळा भरून. वचन.”

ऋषीनं मूठ सोडली, हाताचा चुरा पँटला पुसला. मग खूप हळू म्हणाला, “मोठा काढायचा.”

“मोठाच.”

गर्दी पांगली. पेढे कुणी परत नेले नाहीत, दुकानाच्या पायरीवरच राहिले.

सकाळी मी लवकर गेले. चॅनेलवर ते शहर कुठेच नव्हतं, नकाशे नाहीत, बाण नाहीत, जसं काही आदल्या दिवशी कुणी काही बोललंच नव्हतं. अझीम आधीच आलेला. शटरपाशी रंगीत खडूंची नवी पेटी होती, सील न फोडलेली. त्यानं खरंच आणली होती. ऋषी समोर चहाच्या टपरीवर, आमच्याकडे पाठ करून.

आजोबा आले. खिशातनं चिठ्ठी काढली. मी डोकावले, तर पहिलाच शब्द ऋषीचं नाव. मला वाटलं, संपला आज हा पोरगा. आजोबांनी चष्मा सारखा केला, खालच्या पट्टीकडे बघितलं, आणि पट्टी ओली. स्वच्छ. ती ओळ नाही, ती रेघ नाही. वरचं आजोबांचं वाकडंतिकडं तसंच होतं, फक्त पट्टी पुसलेली.

“ही कुणी पुसली?”

अझीम म्हणाला, “रात्री दव पडलं असेल, काका.”

“मे महिन्यात?”

“पडतं कधीकधी.”

त्याच्या बादलीतलं फडकं ठिबकत होतं, आमच्या तिघांच्या समोर. आजोबांनी त्या फडक्याकडे पाहिलं. मग टपरीकडे पाहिलं.

“खात्री आहे?”

“आहे, काका.”

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, परत खिशात. “लिही,” म्हणाले. “हवामान. पुण्यात मे महिन्यात रात्री दव पडलं. शास्त्रज्ञांनी लक्ष घालावं.”

अझीमनं लिहिलं, त्याच्या त्या छापील अक्षरात. मी खडू घेतला आणि खालच्या पट्टीवर लिहिलं, ‘मी पाहिलं. — आम्रपाली, हडपसर’. आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, “पहिल्यांदाच आपलं एकमत झालं, तेही कशावर.”

संध्याकाळी अभ्यासिकेतनं उतरले तर माझ्या नावाखाली आणखी एक ओळ. थांबा, फोटो आहे माझ्याकडे. हा बघा. ‘मी पण. — ऋषी, सदाशिव पेठ’. ‘ऋ’ केवढा मोठा काढलाय बघ, धम्मदीप.