बिनदोरीची खुर्ची

मित्रांनो, मी ज्या घरात राहते तिथे प्रत्येक खुर्चीपुढे जाड मखमली दोरी बांधलेली आहे. दोरीचा अर्थ असा की बघा, पण बसू नका. मला तेवढी दोरी नाही. मी या घरातली सर्वांत जुनी खुर्ची नाही आणि सर्वांत देखणी तर मुळीच नाही. पण बसायची खुर्ची म्हणाल, तर मी एकटीच.

हे घर मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात आहे, श्रूजबरी नावाच्या मोठ्या गावापासून गाडीने तासाभरावर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींच्या आठवणी इथे जपून ठेवल्या आहेत. त्यांचे रेशमी झगे, हातमोजे, मेजवान्यांच्या याद्या, मुलांना लिहिलेली पत्रं. राष्ट्राध्यक्षांची नावं शाळेत पाठ करून घेतात. त्यांच्या बायकांची नावं ज्याला हवी असतील, त्याने इथे यायचं.

माझा जन्म मात्र अशा थोर घरातला नाही. एका म्हाताऱ्या सुताराने मला मेपलच्या लाकडातून घडवलं, खाली झुलायला दोन वाकडे दांडे बसवले आणि बसायला वेत विणला. मग त्याने आपल्या ओल्या बाळंतीण सुनेला बसवून पाहिलं. तिचे पाय जमिनीला टेकेनात. म्हाताऱ्याने दांडे काढले, करवतीने माझे पाय इंचभर कापले आणि दांडे पुन्हा बसवले. तेव्हापासून मी बुटकी आहे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण ज्या बाईचे पाय टेकतात तिची पाठ दुखत नाही.

पुढची चाळीस वर्षं मी एका इस्पितळाच्या बाळंतिणींच्या खोलीत काढली. माझ्यावर बसून किती बायांनी पहिल्यांदा बाळ छातीशी धरलं असेल! मी थोडी कुरकुरते. पण नर्सबाई म्हणायच्या, "हिला तेल घालू नका, हिच्या आवाजानेच बाळं झोपतात." एवढी शाबासकी मला जन्मभर पुरली असती. मग इस्पितळात मऊ गाद्यांच्या नव्या खुर्च्या आल्या आणि मी या घरी आले. इथल्या जुन्या व्यवस्थापक बाईंनी मला जिन्याच्या मधल्या वळणावर ठेवलं आणि वर पाटी लावली, 'दमलात? बसा.' त्या म्हणायच्या, या घरातल्या बायका जन्मभर पाहुण्यांसाठी उभ्या राहिल्या. निदान त्यांना भेटायला येणाऱ्यांनी तरी बसावं.

माझे ते दिवस फार चांगले गेले. मग गेल्या वर्षी जिन्याला रंग द्यायचा म्हणून मला वरच्या मोठ्या दालनात नेलं आणि एका राष्ट्राध्यक्ष-पत्नीच्या मोठ्या तसबिरीखाली ठेवलं. वरून छान पिवळा उजेड पडायचा. पाटी रंगाच्या डब्यांबरोबर कुठे गेली ती गेली. झालं! लोक माझ्यापाशी येऊन हळू आवाजात बोलू लागले. मुलांना 'हात नको लावूस' म्हणू लागले. माझे फोटो काढू लागले. माझा मान वाढला आणि माझं काम गेलं. कोणी बसेना, तशी वेतावर धूळ साचली आणि उजवा हात खिळखिळा झाला.

आता इथला कारभार आन्या पाहते. श्रूजबरीतल्या एका मराठी घरात जन्मलेली, वाढलेली मुलगी. कामाला चोख. तिने महिनाभर पाहिलं, आणि मग माझ्या पाठीवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली. शुक्रवारपर्यंत कोणी बसलं नाही, तर खुर्ची गोदामात आणि तिच्या जागी बोट लावून माहिती वाचायचा टचस्क्रीन. तिचं चूक नव्हतं, मित्रांनो. न बसायची खुर्ची तरी कशाला हवी?

त्या शुक्रवारी दुपारी तीन वाजले तरी कोणी बसलं नव्हतं. दोन तासांनी घर बंद होणार होतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

"आई, चपला काढू नकोस गं! इथे काढत नाहीत."

"अगं, एवढ्या मोठ्या बाईच्या घरात चपला घालून जायचं?"

मराठी मी इतकी लांबलचक पहिल्यांदाच ऐकत होते. तरी सगळं कसं कळलं, असं विचाराल, तर ज्या खुर्चीवर हजार बाळं निजली तिला भाषेची अडचण कसली?

ती रुचा होती. छातीशी झोळीत चार महिन्यांची आरोही. मागून तिची आई शोभनाताई, हातात चपला आणि खांद्याला कापडी पिशवी. लेकीच्या बाळंतपणाला नागपूरहून आलेल्या, आणि मंगळवारी परत जायच्या होत्या. जायच्या आधी आईला काहीतरी बघण्यासारखं दाखवावं, म्हणून रुचाने इथे आणलं होतं.

शोभनाताई काचेतल्या झग्यापुढे थबकल्या. "एवढीशी कंबर! हिचं जेवण जायचं कुठे गं?"

"आई, हळू!"

"हळू कशाला, तिला मराठी येतंय थोडंच."

तेवढ्यात आरोही रडू लागली. साधं रडणं नाही, भुकेचं. रुचाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चारी बाजूंना दोऱ्याच दोऱ्या. मग तिची नजर माझ्यावर आली. माझा वेत न् वेत ताठ झाला. ये, बाई, ये!

"अगं अगं, तिथे नको!" शोभनाताईंनी तिचा दंडच धरला. "वर तसबीर दिसत नाही का? बाईंची खुर्ची आहे ती. थांब." आणि त्यांनी पिशवी उघडली. खण, नारळ, तांदळाची पुरचुंडी, हळदकुंकवाची डबी. "बाईमाणसाच्या घरी रिकाम्या हाताने जातात का? ओटी आणलीये. ह्या खुर्चीवर तूच भर. मी नको."

"तू का नको?"

"मी नको म्हटलं ना."

रुचाला कारण माहीत होतं. बाबा गेल्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून आईने कुणाची ओटी भरली नव्हती. कोणी अडवलं होतं असं नाही. त्यांचाच हात मागे यायचा. रुचाचं डोहाळजेवण झालं, तेव्हाही त्या व्हिडिओ कॉलवर नुसत्या बघत बसल्या होत्या.

आरोही आता लालबुंद झाली होती. आणि मी? ज्या दिवशी कोणीतरी बसायला हवं होतं, त्या दिवशी माझी पूजा होणार होती! शोभनाताईंनी माझ्या बैठकीवर खण अंथरला आणि त्यावर तांदळाची पुरचुंडी सोडली.

"ओ माय गॉड, नो नो नो! काकू, राइस नाही!" आन्या धावत आली. "प्लीज. राइसमध्ये किडे येतात. किडे सिल्क खातात."

शोभनाताई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगोबाई, तू मराठी? कुठली गं?"

"श्रूजबरी."

"तसं नव्हे, मूळची कुठली?"

"मूळची... श्रूजबरी." आन्याला हसू आलं. "आईबाबा नगरचे."

"मग नगरच्या लेकीला ओटी माहीत नाही?"

"माहीत आहे, काकू. पण ही तिची चेअर नाहीच आहे. ही बसायची चेअर आहे. लोकांसाठी."

रुचाने पुढचं काही ऐकलंच नाही. तिने तांदळासकट खण उचलून आईच्या हातात दिला, थोडे दाणे खाली सांडले, आणि ती बसली. मित्रांनो, वर्षभराने माझ्यावर माणसाचं वजन आलं! तिचे पाय जमिनीला अगदी नीट टेकले. ओढणीआड आरोही एका क्षणात शांत झाली. मी एकदा पुढे गेले, एकदा मागे आले, आणि माझी जुनी कुरकुर दालनभर पसरली.

आन्या वाकून एकेक तांदूळ वेचत होती. वेचता वेचता तसबिरीकडे मान करून म्हणाली, "काकू, हिचा हजबंड लवकर गेला. नंतर ती थर्टी इयर्स एकटी राहिली. पण कुठलाही शुभ प्रोग्रॅम असला ना, की गाव पहिल्यांदा हिलाच बोलवायचं. तिने हात लावल्याशिवाय काहीच सुरू नाही व्हायचं."

शोभनाताईंनी मान वर करून तसबिरीकडे पाहिलं. मग खाली लेकीकडे पाहिलं. खण अजून त्यांच्या हातातच होता.

"आई," रुचा म्हणाली, "माझी भर ना."

"आणि तांदूळ?"

"मी सगळे गोळा करेन," आन्या म्हणाली. "एक पण नाही सोडणार. प्रॉमिस."

शोभनाताईंनी डबी उघडली. या वेळी हात मागे आला नाही. त्यांनी लेकीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, ओढणीच्या पदरात खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ घातले. ओढणीआड आरोही चुटुचुटु दूध पीत होती.

मग रुचा उठली. ओटी एका हाताने पोटाशी धरून म्हणाली, "आई, आता तू बस."

"राहू दे, मी ठीक आहे."

"पाच महिने ठीकच आहेस तू. पहाटेपासून ओट्यापाशी उभी असतेस. बस."

शोभनाताई बसल्या. आधी कडेकडेने, मग पाठ टेकून. रुचाने आरोहीला त्यांच्या मांडीवर दिलं. पाचच मिनिटांत आजी आणि नात दोघींना डुलकी लागली. माझा खिळखिळा हात मी इतका घट्ट धरून ठेवला की काय सांगू!

आन्याने माझ्यामागे येऊन, आवाज न करता, पिवळी चिठ्ठी काढली. सोमवारी तिने स्वतः माझ्या हातात नवा खिळा ठोकला आणि मला पुन्हा जिन्याच्या वळणावर नेलं. पाटी तिने इंग्रजीत लिहिलीच, आणि खाली आईला फोनवर विचारून विचारून मराठीतही. आता रोज कोणी ना कोणी टेकतं. मला रोज वाटतं, सुताराने कापलेला तो इंच वाया गेला नाही. एका वस्तूने आणखी काय मागावं? मी फार फार सुखी आहे.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझे खिळे घट्ट ठेवा, हे तर मी म्हणेनच. पण माझं मोठं मागणं वेगळं आहे. तुमच्याही घरात कोणीतरी असेल जे सगळ्यांना वाढून होईपर्यंत उभंच असतं. आज एक खुर्ची पुढे ओढा आणि तिला म्हणा, 'बस.' ती म्हणेल, 'राहू दे.' तरी खुर्ची धरून तिथेच उभे राहा.