रडणं ओसरेपर्यंत

दुसरा महिना लागला आणि टेविटा असा रडू लागला की चर्चमधल्या गायकांनीही दम घ्यायला त्याच्याकडून शिकावं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, अंगात ताप नाही. पण ऊन कललं की याचा सूर लागलाच. लेसिएली त्याला खांद्यावर टाकून येरझारा घालायची. तो जितका रडायचा तितके तिचे हात ताठ व्हायचे, आणि हात ताठ झाले की तो आणखी जोरात रडायचा. नवरा सेमिसी होडीवरून मासे घेऊन यायचा, दारातून आत डोकावायचा आणि जाळं तपासायचं निमित्त काढून पुन्हा किनाऱ्यावर जायचा. एवढं फाटकं जाळं अख्ख्या बेटावर दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

वासिती नर्स मोठ्या बेटावरून महिन्याला एकदा यायची. ती हुशार होती. दवाखान्यात बोलावलं तर दोघी-तिघी येतात, हे ओळखून ती थेट बायका झाडाची साल ठोकून कापड करायला बसतात त्या छपरात यायची. हातात काम असल्यामुळे कुणाला उठून जाता येत नसे.

"बाळाच्या रडण्याचा मला कधी राग आला नाही असं म्हणणारी आई मला दाखवा," त्या दिवशी ती म्हणाली. बायका हसल्या. "राग येतोच. पण रागात त्याला गदागदा हलवायचं नाही, मेंदूला इजा होते. सुरक्षित जागी निजवा, नाहीतर विश्वासाच्या माणसाच्या हातात द्या, आणि बाहेर जाऊन मोकळा श्वास घ्या. तेवढ्याने कुणी वाईट आई ठरत नाही."

तेवढ्यात टेविटाने सूर धरला. लेसिएलीच्या शेजारीच तिची नणंद कालोलाइने बसली होती. सेमिसीची थोरली बहीण, विधवा, मूलबाळ नाही. लेसिएलीने पोरगं तिच्या मांडीत ठेवलं आणि सगळ्यांसमोर हसत म्हणाली, "घ्या वन्सं, तुमचाच आहे हा. ठेवून घ्या कायमचा."

सगळ्या हसल्या. कालोलाइने तेवढी हसली नाही.

लेसिएली समुद्रापर्यंत गेली, पाय भिजवले, पोटभर श्वास घेतला. नर्सने सांगितलं होतं तसं सगळं केलं. परत आली तेव्हा नर्सचं बोलणं संपलं होतं आणि कालोलाइने बाळ घेऊन घरी गेली होती. अंधार पडायच्या आत तिच्याकडून एक चटई आली. केसासारखी बारीक विणलेली, आजेसासूच्या लग्नातली.

सेमिसी चटईकडे बघत राहिला. "काय बोललीस तू ताईला?"

"गंमत केली."

"चार बायकांसमोर?"

"चार कसल्या, सगळंच गाव होतं."

तो कपाळाला हात लावून बसला. टोंगात आत्याचा मान बापाहून मोठा. पोराचं नाव ती ठेवते, तिने भावाच्या घरातलं काही मागितलं तर नाही म्हणायची सोय नसते. इथे तर न मागता मिळालं होतं. चटई परत पाठवावी तर अपमान, ठेवून घ्यावी तर व्यवहार पुरा.

"तुम्ही बोला ना तुमच्या बहिणीशी."

"मी?" सेमिसी म्हणाला. "वयात आल्यापासून एका छपराखाली बसलो नाही आम्ही. असल्या गोष्टी भावाने बहिणीशी बोलायच्या?"

कालोलाइने बाई मात्र माणुसकीची होती. दुधाची वेळ झाली की कुंपणापलीकडून हाक यायची, "लेसिएली, ये गं, भुकेला आहे तो." लेसिएली जायची, पाजायची, आणि पोरगं डुलक्या घेऊ लागलं की वन्सं हात पुढे करायच्या. आपल्याच पोराची ती पाहुणी झाली होती. घरी आल्यावर दूध आपोआप झरून झगा भिजायचा.

याहून वाईट पुढेच होतं. टेविटाचं रडणं कमी होत गेलं.

"बघ," कालोलाइने म्हणायची, "माझ्या हाताला गुण आहे. तुझ्याकडे नुसता तडफडायचा."

लेसिएली मान हलवायची. आणि घरी येऊन रिकाम्या टोपलीशेजारी आडवी व्हायची, जिच्यात तो निजत असे.

पुढच्या फेरीला नर्स तिच्या घरी आली, वजन करायला बाळ कुठे आहे म्हणून. लेसिएलीने सगळं सांगितलं, आणि शेवटी, "वन्संच्या हाताला गुण आहे," असंही.

"हाताला कसला गुण?" वासिती म्हणाली. "मागच्या वेळी सांगितलं ना मी? हे रडणं दुसऱ्या महिन्यात अगदी कळसाला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्यात आपोआप ओसरतं. जवळजवळ सगळ्याच बाळांचं. आईने काही चुकवलेलं नसतं."

"हे कधी सांगितलंत?"

"त्याच दिवशी, नंतर."

"नंतर मी श्वास घ्यायला गेले होते."

नर्सने वजनकाटा पुन्हा पिशवीत ठेवला. "मी समजावू का तुमच्या वन्संना?"

"नको. मोठ्या बेटावरून माणूस आणून आत्याकडून पोर सोडवलं, असं होईल. टेविटालाच उद्या तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

पण त्या दुपारी पाजून झाल्यावर वन्संनी हात पुढे केले, तेव्हा लेसिएलीने बाळ दिलं आणि उठली नाही.

"जायचं नाही का?"

"वन्सं, मी त्याला मागत नाही. दिलं ते दिलं. पण मला झोप लागत नाही हो. मलाही ठेवून घ्या."

"आणि सेमिसीला कोण वाढणार?"

"तुम्ही पाठवा."

"मोठी शहाणी," कालोलाइने म्हणाली. पण जागा करून दिली. लेसिएली पोराशेजारी पडली, त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि मेल्यासारखी झोपली.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. कुंपणापलीकडे सेमिसी उभा होता. आत यायची सोय नाही, हाक मारायची हिंमत नाही. मासे हातात लोंबकळत होते आणि तो नुसता दाराकडे बघत होता. कालोलाइने दाराच्या आत, त्याच्याकडे पाठ करून बसली होती. तिला ठाऊक होतं तो आहे म्हणून. लहानपणी त्याला कडेवर घेऊन तीच फिरली होती. मग एक दिवस मोठ्यांनी सांगितलं की आता भावापासून लांब बसायचं, आणि ती लांब बसली ती बसलीच.

"मला कळलं होतं गं गंमत आहे ते," ती हळूच म्हणाली. "पण इतक्या वर्षांत तसली गंमतही कुणी केली नव्हती माझ्याशी."

लेसिएली उठून बसली.

"घेऊन जा त्याला. बापाला दाखव." कालोलाइनेने बाळाचं डोकं हुंगलं, मग आणखी एकदा. "आजची रात्र ठेव. सकाळी आण."

लेसिएलीने बाळ उचललं. इतक्या दिवसांत जडावलं होतं. सेमिसीने मासे खाली टाकले, बाळ घेतलं आणि त्याच्या मानेत तोंड खुपसलं. लेसिएलीला वाटलं, आपण आनंदाने वेडं व्हायला हवं. पण तिच्या मनात सकाळ उजाडली होती आणि ती पुन्हा रिकाम्या हाताने या कुंपणातून परतत होती.

"लेसिएली," मागून हाक आली.

ती वळली. कालोलाइने दारात उभी होती, रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखी.

"घाई नको करूस सकाळी," ती म्हणाली. "झोपू दे त्याला. ऊन चांगलं वर आलं की आण."