तीळ कुठल्या गालावर

"डोळे शेवटी, नीले. आधी डोळे भरलेस तर ती बघाया लागंल. आन् बघणाऱ्या बाईम्होरं तुजा हात चालायचा न्हाई."

शालनचं बोलणं. दहा वर्षांमागचं, माहेरच्या, निघोज्याच्या ओट्यावरचं. गौरीचे मुखवटे दरसाल नव्यानं रंगवायचे, तेव्हा छबूबाई दोघी लेकींच्या मांडीवर एकेक मुखवटा ठेवायची, आणि शालन आईचंच वाक्य आईच्याच सुरात नीलाला ऐकवायची. जुळ्या होत्या दोघी. शालन पाव घटकेनं आधी आलेली; तेवढ्यावर तिनं जन्मभर थोरलेपण मिरवलं. जन्मभर म्हणजे सतरा वर्षं. गाव तरी तेवढीच मोजत होतं.

आता नीला थेरगावात, धोंडीबाची बायको, सरूबाईची सून, सत्तावीस वर्षांची. पण रंग भरायला बसली की तो आवाज यायचाच. कानात नाही, मनगटात.

काम अण्णासाहेबांचं. चिंचवडात त्यांचा लहानसा छापखाना होता, आणि संक्रांतीच्या आधी भेटकार्डांचा हंगाम. रबराचा ठसा काळ्या शाईत दाबून ते कार्डांवर नुसती रेघांची चित्रं उठवत आणि गठ्ठा नीलाकडे पोचवत. मग लुगड्याला लाल शाईचा पातळ हात, काठाला हिरवी, तोंडाला आणि हातांना रंगीत पेन्सिल, गालाला तीच पेन्सिल जरा दाबून, आणि सगळ्यात शेवटी बारीक टाकानं डोळे.

सत्त्याहत्तरच्या संक्रांतीला ठसा नवा आला. तिळगुळाची वाटी पुढं केलेली बाई, कमरेपर्यंतची, समोर बघणारी. बघणारी कसली, डोळ्यांच्या जागा कोऱ्याच होत्या. अशा तीनशे.

पहिल्याच दिवशी शेजारची विमलबाई डोकावली. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळी आळी म्हणायची. तिनं एक कार्ड उचललं, एकदा कार्डाकडे बघितलं, एकदा नीलाकडे.

"अगं बया, ही तर तू."

"कायतरीच, वैनी."

"तीळ बघ की. उजव्या गालावर, ओठापासनं दोन बोटं. कुणी काढली गं तुला? आमच्या ह्यांनी मला बारा वर्षांत धड बघितलं नाही, आन् तू मेली छापून यायला लागलीस."

सरूबाई भिंतीला टेकून वाटाणे सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आमची सून न्हाई ती. आमची सून एवढी हसत न्हाई."

"बोलते तरी कुठं ती, आत्या?"

"बोलती कशाची. तुज्या तोंडात तीळ भिजत न्हाई, हिच्या तोंडात भिजून मोड आला तरी ही थुकायची न्हाई."

तिघी हसल्या. नीलाही हसली. पण तिनं विमलबाईच्या हातातलं कार्ड काढून गठ्ठ्यावर पालथं घातलं.

शालनला तीळ डाव्या गालावर, नीलाला उजव्या. एका तिळाची दोन शकलं करून देवानं समोरासमोर ठेवली, असं आई म्हणायची. दळताना गायची:

जुळ्या माझ्या लेकी, एका देठाला दोन पान
एकीला ऊन लागं, दुजी घाली खाली मान

त्यामुळं आरशात नीलाला कधी नीला दिसलीच नव्हती. आरशात तीळ डाव्या गालावर जायचा, आणि समोर शालन उभी राहायची. लहानपणी त्याची गंमत होती. गेली दहा वर्षं ती बोटाच्या अंदाजानं कुंकू लावत होती. भिंतीवरचा आरसा धोंडीबाच्या दाढीचा. नीला त्याच्या बाजूनं जायची, पुढून नाही. आणि आता तीनशे कार्डांवर, लोकांना दिसते तशी ती स्वतःलाच दिसत होती. आंधळी, हसरी, हातात वाटी.

चौथ्या दिवशी भरदुपारी ती एकटी बसली होती. धोंडीबा फर्स्ट शिफ्टला, सरूबाई आत कलंडलेली. बाहेर कावळाही ओरडत नव्हता. पाटावरच्या गठ्ठ्यातून पुढचं कार्ड ओढलं, आणि त्याला डोळे होते.

लुगडं कोरं, तोंड कोरं, हात कोरे. डोळे भरलेले.

शाई सांडली असेल म्हणून तिनं कार्ड उजेडाला धरलं. शाई सांडलेली नव्हती. पापणीची रेघ नेटकी होती, फक्त तिचं शेपूट नीला ओढायची त्याच्या उलट बाजूला ओढलेलं होतं. डाव्या हातानं काढल्यासारखं. शालन डावखुरी होती.

"आत्या, माझ्या टाकाला हात लावला व्हय?"

"मला सुईत दोरा घालवंना," आतून सरूबाई म्हणाली. "डोळं काय भरतीया मी."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला कंपनीचा भोंगा वाजला आणि नीला दचकून भानावर आली. समोर एक कोरं कार्ड होतं. त्याचा एक डोळा भरून झाला होता, दुसरा अर्धा. टाक तिच्या हातात होता, तिच्याच. पण डाव्या. जन्मात तिनं त्या हातानं वाटीसुद्धा धड धरली नव्हती. तिनं टाक खाली ठेवला, आणि कितीतरी वेळ डावा हात पदराखाली, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, धरून बसली.

अण्णासाहेब आले ते त्याच संध्याकाळी. सायकल दाराला लावून आत आले, आणि पिशवीतून ठसा काढून पुढं ठेवला.

"नीलाबाई, पन्नासेक कार्डांवर बाई फिकी उठलीय. ठसा ठेवून जातो, तुम्हीच पुन्हा उठवा. आणि शाई जरा बेतानं. यंदा कागद पातळ मिळालाय, रंग पार पाठीपर्यंत जातो."

लाकडाच्या तुकड्यावर चिकटवलेलं काळं रबर. नीलानं तो ठसा तळहातावर घेतला आणि खिडकीकडे वळवला.

ठशातल्या बाईचा तीळ डाव्या गालावर होता.

"उलटं दिसतं हो ते," अण्णासाहेब म्हणाले. "हा कोरणारा तसा नवाच. रबराच्या कारखान्यात होता म्हणे, आता मिरजेकडं असतो. हात चांगला, पण उलटं कोरायचं त्याच्या डोक्यातच शिरत नाही. माणूस समोर दिसला तसाच्या तसा कोरून मोकळा. गेल्या साली 'गोड बोला' असं कोरून पाठवलं, ते छापल्यावर वाचायला आरसा लागला. म्हणून यंदा अक्षरं आमची आम्ही घातली. बाईला काय, इकडचा गाल तिकडं गेला तर कुणाचं बिघडतंय."

"नाव काय त्यांचं?"

"भीमराज."

नीलानं ठसा पाटावर ठेवला. हळूच, तान्ह्या मुलाला ठेवावं तसा.

"तुम्ही बघितलंय त्यांना? त्यांच्या घरच्यांना?"

"कुठलं. ठसा पोस्टानं येतो. का हो?"

"काही नाही," नीला म्हणाली. दहा वर्षं ती हेच म्हणत आली होती.

भीमराज पिंपरीतल्या रबराच्या कारखान्यातला पोरगा. निघोज्याच्या बौद्धवाडीत त्याची मावशी, तिच्याकडे रविवारी सायकलनं यायचा. तो आणि शालन. आबाजींना, म्हणजे बापाला, सुगावा लागला असता तर दोघांचंही काही खरं नव्हतं. म्हणून एका दुपारी शालन शेतातून परस्पर गेली, आणि मागं राहिलेल्या नीलानं कुणी न सांगता एक काम केलं. शालनची घागर उचलली, इंद्रायणीच्या डोहावर नेली, आणि निसरड्या दगडावर कलती करून ठेवली. तिन्हीसांजेला आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "पाण्याला गेलीया." एवढंच. पुढचं सगळं गावानं केलं. तीन दिवस डोह ढवळला. माणूस शोधत कुणी पिंपरीला गेलं नाही, कारण बुडालेल्या पोरीच्या मागं कोण सायकल काढतं?

पत्र धाडू नको, असं जाण्याआधी नीलानंच शालनला सांगितलं होतं. पत्र आलं नाही. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं, आबाजी त्या धसक्यानं अंथरुणाला लागले आणि गेले, आणि हळूहळू नीलाला वेगळीच भीती धरली. बोललेलं पाण्याला ऐकू जातं म्हणतात. आपण शालनला डोहात ढकललं ते तोंडानं, पण डोहानं ते खरं मानलं असेल तर?

त्या संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तिनं ठसा पुन्हा हातात घेतला. शालनच होती. पण सतराची नव्हती. डोळ्यांखाली दोन बारीक रेघा कोरलेल्या होत्या. इतके दिवस नीला त्यांना सुरीची चूक समजून पेन्सिलीनं बुजवत आली होती. तिनं मन घट्ट केलं आणि दहा वर्षांत पहिल्यांदा धोंडीबाच्या आरशापुढं सरळ उभी राहिली. समोर डाव्या गालावर तीळ, आणि डोळ्यांखाली दोन रेघा. त्याच. तेवढ्याच लांब.

मेलेलं माणूस म्हातारं होत नाही. कुणीतरी हिच्यासमोर आत्ता, या साली, बसलं होतं.

आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याच्या आधी दुसरीच गोष्ट उभी राहिली. छबूबाई दरसाल संक्रांतीला पाच सुगडं पुजायची आणि सहावं डोहात सोडायची, शालनच्या नावानं. हळदकुंकू, बोरं, तीळ, आणि वर पाण्याची ओंजळ. जिवंत माणसाच्या नावानं पाणी सोडलं की त्याच्या आयुष्याचा एक पदर तुटतो, हे आईनंच शिकवलेलं. दहा पदर तुटले होते. सांगावं, तर आई विचारणार की मग तुझ्या बापाला कुणी मारलं, आणि माहेराचं दार लागणार. न सांगावं, तर आठ दिवसांनी अकरावं सुगड.

तिनं सोयीचं ते ठरवलं. आई परवा येणार होती. उद्या कार्डं पोचती करायची, ठसा परत द्यायचा, आईच्या नजरेला काही पडू द्यायचं नाही. पुढचं पुढं.

छबूबाई दुसऱ्याच दिवशी आली.

ओटीच्या तोंडाला दोरी बांधून नीलानं शेवटची चाळीस कार्डं उन्हाकडे तोंड करून वाळत टांगली होती. लुगडी झाली होती, तोंडं झाली होती, डोळे राहिले होते. आई डोक्यावर तिळाचं बोचकं आणि हातात सुगडांची टोपली घेऊन अंगणात उभी राहिली आणि कार्डांकडे बघून हसली.

"बया, हे काय गं? तुजंच त्वांड टांगलंयस की दारात."

नीलाचा जीव भांड्यात पडला. "व्हय गं. कुणीतरी काढलंय. ये आत."

दोरीखालून वाकून आई आत आली. सरूबाईनं तिला घोंगडी टाकून दिली. "बसा विहीणबाई. तुमच्या लेकीला वाचा फुटलीया का बघा. आमच्यापाशी तर काय बोलत न्हाई."

"लहानपणी दोघींचं मिळून एकटी शालनच बोलायची," छबूबाई म्हणाली. टोपलीतून एकेक सुगड काढून तिनं ओळीनं मांडलं. पाच. सहावं जरा लांब, एकटं. "ह्ये तिचं," ती म्हणाली, सवयीनं. मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावायला तिनं मान वर केली.

तांब्या तोंडापर्यंत गेला नाही.

उतरतीचं ऊन ओटीत शिरत होतं, चाळीस पातळ कागदांतून. आतून कार्डांची पाठ दिसत होती आणि पाठीला चित्र पुरतं उमटलं होतं, लाल लुगडं, हिरवा काठ, आणि गालावर तीळ. डाव्या. डोळ्यांच्या कोऱ्या जागांना शाई नव्हती, पेन्सिल नव्हती, म्हणून सगळ्यात जास्त ऊन तिथूनच आत येत होतं. चाळीस शालन दारात उभ्या होत्या. वारा आला की एकदम हलत होत्या, आणि एकदम बघत होत्या.

सरूबाई पुटपुटली, "आई गं."

छबूबाई उठली. गुडघ्यावर हात दाबून, सावकाश. दोरीपाशी गेली, एका कार्डाला पाठीकडून बोट लावलं, तिळावर. मग ते बोट डोळ्याखाली सरकलं. कालपासून नीलानं त्या रेघा बुजवायचं सोडलं होतं.

"ह्या रेघा कुणी काढल्या?"

"ठशातच हायेत," नीला म्हणाली.

"माझी पोर सतराची गेली. सतराच्या पोरीच्या डोळ्याखाली रेघा?"

आई मागं वळली नव्हती. तिच्या तोंडावर कागदातून आलेलं लाल ऊन पडलं होतं, आणि त्यात दोन पांढरे ठिपके, डोळ्यांएवढे. ते ठिपके गालावरून कपाळावर, कपाळावरून गालावर हलत होते, चाचपल्यासारखे.

"नीले, मी तुला इचारतीया."

घोंगडीच्या कडेला सहावं सुगड एकटं होतं. नीलानं ते उचलून इतर पाचांच्या ओळीत ठेवलं. मातीला माती लागल्याचा बारीक आवाज झाला. ठेवणारा हात डावा होता. तिनं तो लपवला नाही.

"आई," ती म्हणाली, "ती घागर डोहावर मी ठेवली हुती. शालन पाण्याला गेलीच न्हाई."