ताईचा कठडा

अठ्ठाविसाव्या वर्षी विम्याच्या ऑफिसातली बरी नोकरी सोडून मी मामाच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागले, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. आईने मात्र नाही. "माझ्या भावाच्या हाताखाली शिकतेय, दरोडे घालायला नाही गेली," असं तिने काकूला फोनवर ठणकावलं. मामा आईच्या पाठचा. ती त्याची ताई, आणि ताईचा शब्द तो कधी खाली पडू देत नाही.

त्याने मला ठेवून घेतलं, पण लाड शून्य. आधी झाडू, मग ग्राइंडर, मग पाईप मापात कापणं. वेल्डिंगमधलं मला एवढंच करायला मिळायचं की तुकडे जागेवर उभे राहतील इतपत बारीक टाके मारायचे. पक्का जोड मामाच मारणार. "टाका कोणीही मारेल, जोडाला हात बसलेला लागतो," हे तो इतक्या वेळा म्हणायचा की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

त्या दिवशी एका शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीला कठडा बसवायचा होता. स्लॅबमध्ये लोखंडी प्लेटा आधीच घातलेल्या होत्या. मी टाके मारून त्यांवर खांब उभे केले, मामा मागून जोड मारत आला. वेल्डिंग थंड झालं की त्यावर काळी खपली धरते; ती हातोडीने उडवली की खालचं खरं काम दिसतं. एरवी मामा स्वतःच खपली काढायचा आणि लगेच रंगाचा हात फिरवायचा. आज त्याची कंबर धरली होती. "तू काढ," म्हणाला. मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

पहिल्या खांबाची खपली उडाली. खाली इतकी सुरेख, एकसारखी रेघ होती की मला हेवा वाटला. फक्त ती जोडावर नव्हती. खांबापासून बोटभर लांब, नुसत्या प्लेटवर ओढलेली होती. खांब उभा होता तो माझ्या टाक्यांवर.

आधी मला हसूच आलं. वाटलं, मामा माझी परीक्षा घेतोय. दुसऱ्या खांबाची खपली काढली. तेच. तिसरा, चौथा, तेच. मामा जोड सोडून भलतीकडेच वेल्डिंग करेल, हे समोर दिसत असूनही मला पटेना.

आमच्या धंद्यात कठडा झाला की करणाऱ्यानेच गिऱ्हाइकासमोर आधी त्यावर पाठ टेकायची आणि दोन्ही पाय उचलायचे. मी मान वर केली तेव्हा मुख्याध्यापिका बाई आल्या होत्या आणि मामा हसत हसत त्यांना म्हणत होता, "बघा बाई, आता हत्ती टेकला तरी चालेल." तो कठड्याकडे पाठ करून वळला.

"टेकू नकोस!" मी किंचाळले आणि त्याचा शर्ट धरून असा ओढला की बटणं तुटली.

"वेड लागलं का तुला? बाईंसमोर तमाशा करतेस?" मामा लालबुंद झाला.

मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि त्याचं बोट खांबाच्या बुडाशी नेलं. बोट आधी त्याच्या सुरेख रेघेवरून फिरलं. मग पुढे सरकलं आणि नख फटीत गेलं. त्याने दुसरा खांब चाचपला. तिसरा. त्याचा चेहरा बघवेना.

"मला वाटलं, हेल्मेटच्या काचेला धूर धरलाय," तो म्हणाला. "कधीपासून नुसती काचच पुसतोय मी."

बाईंना त्याने गॅलरीचं दार बंद करायला सांगितलं. मग हेल्मेट माझ्या हातात दिलं. "जोड तू मार. मी बोटाने बघतो."

खऱ्या कामावरचे माझे पहिले जोड असे पडले. दिसायला कोंबडीचे पाय, पण जागेवर. मामा एकेक चाचपून "हं" म्हणत होता. तिसऱ्या खांबाशी त्याचं बोट थांबलं.

"ताईचा कठडा," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात. मी एकट्यानेच केला गं."

बहिणीचं काम म्हणून त्याने कोणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. मी आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. फोन स्वयंपाकघरात टाकून ती कुठे असते, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सामान तिथेच टाकून मी मामाला स्कूटरवर बसवलं आणि सुटले.

आई गॅलरीतच होती. दुसऱ्या मजल्यावर, पोट कठड्याला लावून, ओली चादर बाहेर झटकत होती. मामाने हाक मारायला तोंड उघडलं आणि मी त्यावर हात दाबला. हाक मारली की आई अर्धी बाहेर वाकून बघते. जन्माची खोड आहे ती.

जिना मी कशी चढले मला आठवत नाही. आमच्याजवळच्या किल्लीने दार उघडलं, मागून आईच्या कमरेला मिठी मारली आणि तिला आत खेचलं. दोघीही फरशीवर आपटलो.

"अगं ए घोडे, जीव घेतेस का माझा?"

मी उठले, भिंतीला धरलं आणि कठड्याला एक लाथ घातली. मधले दोन्ही खांब प्लेटांवरून सुटले. कठडा बाहेरच्या बाजूला कलला आणि एका टोकाला लोंबत राहिला. चादर खाली रस्त्यावर गेली.

ज्या जागी ती क्षणापूर्वी उभी होती, तिथे आई बघतच राहिली. मग तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"मामाला यातलं काही सांगू नकोस हं," ती हळू आवाजात म्हणाली. "किती हौसेने केला होता त्याने."

मामा तिच्या मागे, दारात उभा होता.