चांदपाशाचं झुकतं माप

मित्रांनो, देगलूरच्या बाजारात अत्ताराच्या दुकानी पंचेचाळीस वर्षं जडीबुटी तोललेला मी एक जुना पितळी तराजू आहे. उदगीरच्या मलप्पा कारागिरानं मला ओतलं, घासलं आणि दांडीच्या मधोमध बारीक काटा बसवला. काटा सरळ उभा राहिला की दोन्ही पारडी सारखी, एवढंच माझं ज्ञान. दुकानासमोर विठोबाचं देऊळ. तिथलं कीर्तन ऐकत मी ओवा, वावडिंग, केशर तोललं. बोलण्यात बुवांची ढब आली तर सांभाळून घ्या.

माझे मालक चांदपाशा. त्यांचं माप नेहमी झुकतं. काटा सरळ झाला तरी एक चिमूट पारड्यात वरून पडायचीच. लोक म्हणत, "माप घ्यावं तर चाचाचं." ऐकून मीही फुगायचो. पुढं विजेचा काटा आला आणि मी हिंगाच्या डब्यामागं खिळ्याला लटकलो. एका पारड्यात पालीनं अंडी घातली, तरी कुणी पाहिलं नाही.

एका सकाळी बिलोलीकडचे शेषेराव आणि तारामती दुकानात आले. तारामतीच्या खांद्यावर तीन वर्षांची पुनम पेंगत होती.

"चाचा, शक्तीची पुडी द्या," शेषेराव म्हणाले. "नांदेड झालं, लातूर झालं. दूध पाजलं की ओकतीय, वरण खाल्लं की दिवसभर झोपतीय. समदे म्हणतात, अशक्तपणा हाय."

चांदपाशांनी पोरीकडं बराच वेळ पाहिलं. "पुडी बांधायला मला मिनिट लागत न्हाई. पण जे लेकरू दूध-वरणानंच आजारी पडतंय, त्याला माझी पुडी काय करंल? हैदराबादला न्या. दूध-वरणाचं तेवढं डॉक्टरला सांगा, इसरू नका."

"दुकान चालवताय का गिऱ्हाईक हाकलताय?" तारामती म्हणाली.

"लेकरू बरं करून या, मग मसाला घ्या की गं माय."

दोन महिन्यांनी दोघं परत आले. रक्त तपासून रोग सापडला होता. लाखांत एखाद्यालाच होणारा. दूध, डाळ, शेंगदाणे यांतली प्रथिनं पुनमच्या अंगाला पचत नव्हती, त्यांचं रक्तात विष होत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "उपचार आहे, पण तो तुमच्या चुलीपाशी आहे." खास पावडरचं दूध द्यायचं आणि बाकी प्रत्येक घास तोलून, कारण थोडी प्रथिनं भातातही असतातच. घरच्या विजेच्या काट्यावर मात्र आकडा सारखा नाचत होता.

चांदपाशांनी मला खाली काढलं, चिंचेनं घासलं. एक पारडं तसूभर वर राहत होतं, तिथं तारेचा बारीक तुकडा बांधून ते बरोबरीला आणलं. वजनांची पिशवी माझ्यासकट तारामतीच्या ओटीत घातली.

मित्रांनो, मी कस्तुरी तोलली होती, पण भात पहिल्यांदाच तोलला. तारामती श्वास रोखून काट्याकडं बघायची आणि पुनम मुद्दाम पारड्यावर फुंकर मारायची. "फुकू नको गं भवाने," आई रागवायची आणि हसायची. चार महिन्यांत पोर धावायला लागली, टाळ वाजवायला लागली.

मग गावात सप्ताह बसला. तारामती पंगतीच्या भाकरी थापायला मंडपात, म्हणून तोलणं शेषेरावांकडं आलं. भला माणूस. "लेकराला काय मोजून वाढायचं? चाचाबी झुकतंच देतात," म्हणत त्यांनी काटा सरळ झाल्यावर भाताचा आणखी एक घास टाकला, वर दाण्याच्या कुटाची चिमूट. माझा काटा कलला, आणि खरं सांगतो, जुन्या सवयीनं मला बरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी पुनमची मान सुटली. हाक मारली तरी डोळा उघडेना. चार दिवस ती हैदराबादला सलाइनवर होती.

काल्याच्या दिवशी सकाळी तिला घरी आणलं. चांदपाशा भेटायला आले. शेषेराव खाली मान घालून म्हणाले, "चाचा, म्या तुमच्यावानी झुकतं दिलं."

"माझं झुकतं माप गिऱ्हाइकाला, बाबा. हिच्यासाठी सरळ काटा हीच खैरात," चाचा म्हणाले आणि कितीतरी वेळ पोरीचे तळवे चोळत बसले.

दुपारी गावचे कीर्तनकार ज्ञानोबा महाराज यांचं काल्याचं कीर्तन संपलं. दह्याचा काला वाटायला घेतला तेव्हा शेषेराव लेकीला कडेवर घेऊन मंडपाच्या पार टोकाला उभे होते. महाराजांनी हात थांबवला. "पुनमचा काला कुठं हाय?"

तारामतीनं मला पुढं आणलं. पारड्यात भिजवलेला साबुदाणा आणि केळाच्या चकत्या.

"आता परसादबी तोलायचा का?" मागून एक म्हातारी पुटपुटली.

महाराज म्हणाले, "देवाला नुसता भाव पुरतो, आज्जे. लेकराला भाव आन् वजन दोन्ही लागतंय. तोला शेषेराव, आम्ही थांबतो."

अख्खा मंडप थांबला. शेषेरावांनी पुढं येऊन लेकीला खाली ठेवलं. त्यांनी केळाची एक चकती टाकली, काटा कलला. त्यांनी ती चकती उचलली, अर्धी तोडली आणि अर्धीच परत ठेवली. काटा सरळ उभा राहिला. मग पोरांच्या रांगेत बसून पुनमनं काला खाल्ला आणि बोटं चाटली.

मित्रांनो, तुमच्या शेजारी असं एखादं पथ्याचं लेकरू असेल, तर "एवढ्यानं काय होतंय" म्हणून त्याच्या हातावर काही ठेवू नका. आधी त्याच्या आईला विचारा. तिचं तोलून होईपर्यंत तुमचाही घास थांबवा, म्हणजे ते लेकरू एकटं जेवणार नाही.